लाइटिंगवाल्यांच्या सोसायटीच्या मीटिंगला जाऊन खरंच काही शिकायला मिळतं का?

पॅनेल_पुणे:

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका एमईपी (इमारतींची एसी, वीज, प्लंबिंगची ड्रॉइंग करणाऱ्या) कन्सल्टंटकडे साडेतीन वर्षं काम करतोय, शिक्षण डिप्लोमा इलेक्ट्रिकल. लाइटिंगचा लेआउट आला की तो माझ्याच टेबलावर येतो पण खरं सांगायचं तर लाइटिंग मला कुणी शिकवलेलं नाही. ऑफिसात हिशोब ठरलेला, शंभर स्क्वेअर फुटाला एक ३६ वॅटचं पॅनेल, ड्रॉइंगवर टाका, बीओक्यू म्हणजे मालाची यादी काढा, पुढचं काम घ्या. डायलक्स, म्हणजे उजेडाचं गणित करणारं सॉफ्टवेअर, मी रात्री घरी बसून व्हिडिओ बघत शिकलो आणि आता ते रंगीत चित्र काढता येतं, क्लायंटही खूश होतो.

गेल्या वर्षी एका छोट्या ऑफिसचं काम केलं, साधारण चाळीस जण बसतात. हँडओव्हर झालं, बिल पास झालं आणि दोन महिन्यांनी फोन आला की लोकांचे डोळे दुखतायत. जाऊन बघतो तर अकाउंट्समधल्या ताईंनी शिडी आणून डोक्यावरच्या सहा पॅनेलना खालून ए-फोर कागद सेलोटेपने चिकटवलेले. कागदांच्या कडा उष्णतेने पिवळ्या पडून वळल्या होत्या. मी टेबलावर उजेड मोजायचा लक्समीटर ठेवला, बिनकागदाच्या पॅनेलखाली ६२० लक्स, म्हणजे स्टँडर्डला लागतो त्यापेक्षा कमी तर नाहीच. माझ्या कागदावर सगळं बरोबर आणि समोर बसलेल्या बाई सांगतायत की चार वाजले की माझं डोकं ठणकतं. मला त्यांना एकही उत्तर देता आलं नाही, ते अजून मनात आहे.

तपकीर गल्लीत, म्हणजे इथल्या इलेक्ट्रिकलच्या बाजारात, आमचे एक जुने व्यापारी आहेत, ते म्हणाले अरे लाइटिंगवाल्या लोकांची सोसायटी आहे, महिन्यातून एकदा संध्याकाळी मीटिंग असते, कुणीतरी येऊन विषय समजावतं, तू जात जा. आता मला विचारायचंय की तिथे खरंच शिकवतात का कंपन्यांचे सेल्सवाले येऊन आपला माल दाखवतात? सगळे मोठे डिझायनर असतील तर डिप्लोमावाल्याने तिथे काय विचारायचं? सगळं इंग्लिशमध्ये असतं का? शनिवारची संध्याकाळ घालवायची तर काहीतरी हाती लागलं पाहिजे, शिवाय मेंबरशिपचे पैसे ऑफिस देणार नाही हे नक्की.

चोक_स्टार्टर:

जा. बाकीचं नंतर वाच, आधी जायचं ठरव.

मी या लाइनीत १९९४ पासून, तेव्हा लोखंडी चोक आणि स्टार्टर होता, एलईडी फक्त टेपरेकॉर्डरवर लाल ठिपक्याएवढा दिसायचा. माझी पहिली मीटिंग एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये होती, वीस-बावीस माणसं, चहा आणि सामोसा, आणि समोर टेबलावर एक बेंच ग्राइंडर. ग्राइंडरच्या चाकावर बोलणाऱ्या सरांनी खडूने एक रेघ मारली आणि वर एकच चोकवाली ट्यूब लावून बाकी सगळे दिवे बंद केले. ग्राइंडर सुरू झाला, पूर्ण स्पीड घेतला आणि आम्हाला काय दिसलं तर चाक जवळजवळ थांबलंय, समोरासमोर दोन फिकट रेघा आहेत आणि त्या हळूहळू उलट्या सरकतायत. आवाज येतोय, वारा लागतोय आणि डोळा सांगतोय की चाक थांबलंय. सरांनी समजावलं की आपली वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते आणि चाक सेकंदाला जवळपास ५० फेरे घेतं, म्हणून दर झमक्याला चाक अर्धा फेरा पुढे गेलेलं सापडतं. मग म्हणाले, आता विचार करा की वर्कशॉपमध्ये नवीन पोरगा हे थांबलेलं समजून हात घालायला गेला तर काय होईल. त्यासाठीच जुने लोक मशिन शॉपमधल्या शेजारशेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर घ्यायचे, म्हणजे सगळ्या एकाच क्षणी मंद होत नाहीत. स्ट्रोबोस्कोपिक इफेक्ट हा शब्द मी पुस्तकात तीन वेळा वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता, पण कळला त्या संध्याकाळी. आजही स्वस्त ड्रायव्हरचं (ड्रायव्हर म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा) एलईडी फिटिंग आलं की मी आधी मोबाइलचा स्लो मोशन लावतो, पट्टे पळायला लागले की माल परत.

आता तुझ्या ऑफिसबद्दल. लक्स म्हणजे टेबलावर किती उजेड पडला एवढंच. डोळ्यात किती गेला हे लक्समीटर टेबलावर ठेवून कळत नाही. एक साधी गोष्ट कर, त्या ताईंच्या खुर्चीत बस, स्क्रीनकडे बघ आणि कपाळावर आडवा हात धर, उन्हात धरतो तसा, म्हणजे वरची पॅनेल झाकली जातील. हात धरल्यावर बरं वाटलं आणि काढल्यावर डोळे आकसले तर तुझा प्रॉब्लेम ग्लेअरचा, म्हणजे डोळ्यात टोचणाऱ्या चमकेचा आहे, उजेडाचा नाही. ग्लेअर मोजायच्या आकड्याला यूजीआर म्हणतात, ऑफिससाठी तो १९ च्या आत ठेवतात, डायलक्समध्ये तो आकडा निघतो पण कुणी बघत नाही. आणि मला एक सांग, त्या ऑफिसचं सीलिंग कुठल्या रंगाचं होतं?

पॅनेल_पुणे:

सर, काळं. ओपन सीलिंग आहे, स्लॅब आणि डक्ट सगळं काळं रंगवलंय, इंटिरिअरवाल्यांना तसंच हवं होतं, त्यातून पॅनेल तारेने खाली लोंबतायत. डायलक्समध्ये मी काही बदललं नव्हतं, जे आपोआप येतं तेच, सीलिंग ७०, भिंती ५०, जमीन २०.

चोक_स्टार्टर:

झालं, सापडलं. ७० म्हणजे सीलिंग सत्तर टक्के उजेड परत फेकतं, म्हणजे पांढरं धोप. तुझं काळं सीलिंग दहा टक्केही फेकत नसेल. यूजीआरच्या सूत्रात वरती दिव्याची चमक आहे आणि खाली आजूबाजूच्या पार्श्वभूमीची चमक आहे, पार्श्वभूमी जितकी काळी तितका तोच दिवा जास्त टोचणार. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा हेडलाइट डोळ्यात घुसतो, दुपारी त्याच गाडीचा तोच हेडलाइट लागलाय हेही लक्षात येत नाही, तसंच. सॉफ्टवेअर तुझं चुकलं नाही, तू त्याला पांढऱ्या खोलीचं गणित घातलंस. असल्या गोष्टी मीटिंगमध्ये चहाच्या वेळेला कळतात, लेक्चरमध्ये नाही, म्हणून लेक्चर संपल्यावर पळून जाऊ नकोस.

भाषेचं म्हणशील तर स्लाइड इंग्लिशमध्ये असतात, बोलणं मिक्स आणि प्रश्न मराठीत विचारलास तरी कुणी भुवया उंचावत नाही.

सॅम्पल_आधी_दाखवा:

मी पिंपरीत कॉन्ट्रॅक्टर आहे, पंधरा वर्षं झाली. वरच्या सरांबद्दल आदर आहे पण दुसरी बाजूही माहीत असू दे. मी सलग तीन मीटिंगना गेलो, त्यातल्या दोन सरळ सरळ कंपनीचं प्रेझेंटेशन होत्या, चाळीस मिनिटं कारखान्याचे फोटो आणि शेवटी कॅटलॉग. हॉलचं भाडं आणि खाणं स्पॉन्सर देतो त्यामुळे त्याला बोलायला द्यावं लागतं, हे मला समजतं, पण लांबून येणाऱ्या माणसाचा दिवस जातो. सोसायटीवाल्यांनी हे मनावर घ्यायला पाहिजे, एका संध्याकाळी एक विषय आणि स्पॉन्सरला दहा मिनिटं असा नियम करावा.

पण तिसऱ्या मीटिंगने माझे पैसे वसूल केले. एका टेस्टिंग लॅबचे इंजिनिअर होते आणि त्यांनी एलएम-८० चा, म्हणजे एलईडी चिपचा उजेड किती तासांत किती घटतो त्या टेस्टचा, खरा रिपोर्ट पडद्यावर लावून ओळ न् ओळ वाचून दाखवला. आपण सगळे ब्रोशरवर वाचतो, आयुष्य ५०,००० तास. ते म्हणाले चिप कंपनीने टेस्ट किती तास केली ते आधी बघा, एलएम-८० मध्ये कमीत कमी ६,००० तास चालवावं लागतं आणि त्यावरून आयुष्याचा अंदाज काढायच्या टीएम-२१ च्या नियमाने टेस्टच्या फार तर सहापट पुढचा दावा करता येतो, तोही वीस किंवा जास्त नमुने तपासले असतील तर. म्हणजे ६,००० तासांच्या रिपोर्टवर ३६,००० च्या पुढे बोलायचा अधिकारच नाही, पन्नास हजार म्हणायचं तर टेस्ट ८,३०० तासांच्या वर झालेली पाहिजे. शिवाय हे सगळं फक्त एलईडी चिपचं, त्यातही उजेड सत्तर टक्क्यांवर येईपर्यंतचं. ड्रायव्हर त्यात धरलेलाच नाही आणि आपल्याकडे साईटवर मरतो तो ड्रायव्हरच, उन्हात तापलेल्या बंद डब्यात कपॅसिटर सुकतो.

त्यानंतरच्याच आठवड्यात एका सप्लायरने मला पन्नास हजारवाला कागद दिला, मी म्हटलं एलएम-८० चं पान दाखवा, टेस्टचे तास कुठे लिहिलेत, टेंपरेचर किती धरलंय. तो माणूस चार दिवसांनी दुसराच माल घेऊन आला. मीटिंगला जा पण आधी विषय बघून जा आणि स्पॉन्सरचं असेल तरी हात वर करून रिपोर्ट माग, समोर पन्नास माणसं बसलेली असताना त्यांना उत्तर द्यावंच लागतं.

रंगरेषा_नाशिक:

दादा, मी इंटिरिअर डिझायनर आहे, इलेक्ट्रिकलमधली नाही, त्यामुळे तुमच्यापेक्षा मला जास्त धाकधूक होती. पहिल्या वेळी शेवटच्या रांगेत बसले होते, लुमेन आणि लक्समधला फरक घोकून गेले होते.

तिथे एका मॅडमनी रंग दाखवण्यावर बोलायचं ठरवलं होतं आणि त्या घरून एक लाल पैठणी घेऊन आल्या होत्या, काठ हिरवा, पदरावर मोर. दोन खोके बनवले होते, आतून पांढरे, दोन्हीत ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा एलईडी, दोन्हीच्या डब्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० च्या वर लिहिलेला. पैठणीचं एक टोक एका खोक्यात, दुसरं टोक दुसऱ्यात. एकाच साडीचा लाल रंग एकीकडे कुंकवासारखा आणि दुसरीकडे विटकरी, मळलेला. मी उठून जवळ जाऊन बघितलं कारण मला वाटलं साडीच तिथे डागाळलेली असेल, कापड सरकवून अदलाबदल केली तर विटकरीवालं टोक लाल झालं आणि लालवालं विटकरी. मॅडमनी मग सांगितलं की सीआरआयचा जो एक आकडा छापतात तो आठ फिक्या रंगांची सरासरी असते, गडद लाल त्या आठांत नाहीच, तो वेगळा मोजतात, त्याला आर-नाइन म्हणतात. सीआरआय ८० असूनही आर-नाइन शून्याच्या आसपास असू शकतो.

मी त्याआधी येवल्याच्या बाजूला एका साडीच्या दुकानाचं काम केलं होतं आणि मालक सारखे म्हणायचे की गिऱ्हाईक साडी घेऊन दारात उन्हात जातं, आत रंग पटत नाही. मी त्यांना तेव्हा वॅट वाढवून दिले होते! त्या संध्याकाळनंतर मी स्वतः फोन करून सांगितलं की काका, चूक माझी होती, आणि काउंटरवरचे बारा स्पॉट बदलले, सीआरआय ९० आणि आर-नाइन पन्नासच्या वर असलेले. वॅट कमी लागले. आता माझ्या प्रत्येक बीओक्यूत आर-नाइनचा रकाना असतो.

तुम्हाला कुणी परकं समजणार नाही. आर्किटेक्ट, नाटकाचे लाइटवाले, स्टुडंट, दुकानदार सगळे येतात. बायका मात्र अजून कमी असतात, इथे वाचणाऱ्या मैत्रिणींनी याव्यात असं मला मनापासून वाटतं.

खांब_क्रमांक:

मी एका नगरपालिकेत विद्युत विभागात आहे, गावाचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे सोडियमचे दिवे काढून एलईडी लावले, वीजबिल खूप कमी झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका रस्त्यावर लोक म्हणायला लागले की साहेब, आधीपेक्षा अंधार झाला. आम्ही म्हणायचो, असं कसं होईल, दिव्याखाली तर लख्ख आहे.

सोसायटीच्या लोकांनी रात्री रस्त्यावर प्रत्यक्ष मोजमाप कसं घ्यायचं याचा कार्यक्रम ठेवला होता, जिल्ह्याच्या ठिकाणी, मी स्कूटरवर गेलो. दोन खांबांमधला रस्ता खडूने चौकटी आखून घेतला, प्रत्येक चौकटीच्या मध्यभागी मीटर जमिनीवर ठेवायचा आणि वाचणाऱ्याने लांब उभं राहायचं, स्वतःची सावली पडता कामा नये, मोबाइलची बॅटरी लावायची नाही. दिवे लागून अर्धा तास झाल्याशिवाय सुरुवात करायची नाही. एवढं साधं आहे पण आधी कधी केलंच नव्हतं.

परत येऊन आमच्या त्या रस्त्यावर रात्री साडेदहाला दोघं वायरमन घेऊन तसंच मोजलं. सरासरी आली १४ लक्स. आयएस १९४४ मध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांच्या भारतीय स्टँडर्डमध्ये, तसल्या रस्त्याला ८ लागतात, म्हणजे पास. पण दोन खांबांच्या मधोमध २ लक्स. सगळ्यात कमी भागिले सरासरी केलं, त्याला समानता म्हणतात, तर ०.१४ आणि पाहिजे ०.३. दिव्याखालून निघालेला माणूस मध्ये आला की त्याला काहीच दिसत नाही, कारण डोळा लख्ख उजेडाला सरावलेला असतो. लोक बरोबर सांगत होते. खांब जुनेच, अंतर ३८ मीटर, आणि फिटिंगची लेन्स उजेड खाली ओतणारी, रस्त्याच्या लांबीला पसरवणारी नाही. वॅट वाढवून हे सुटत नाही, लेन्स बदलावी लागते. पुढच्या टेंडरमध्ये मी वॅटच्या जोडीला सरासरी लक्स, समानता आणि प्रत्यक्ष मोजून स्वीकारणार अशी अट घातली, ती आमच्या मुख्याधिकाऱ्यांना पटवताना हातात माझा आकड्यांचा कागद होता म्हणून जमलं.

अजून एक विषय अशा मीटिंगमध्ये वारंवार निघावा असं मला वाटतं, तो म्हणजे वर आणि बाजूला वाया जाणारा उजेड. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचं आभाळ अंधारं राखलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली, तिथे आसपासच्या गावांतले दिवे बदलून खाली तोंड करणारे लावले. महाराष्ट्रातल्या खेड्यात हे झालं तर नगरपालिकेतही होऊ शकतं. आम्ही तलावाच्या बाजूचे एकवीस दिवे पांढऱ्याफटक ६५०० केल्विनवरून पिवळसर ३००० वर आणले, सकाळी फिरायला येणारी म्हातारी माणसं म्हणतात आता डोळ्यात जात नाही.

जर्सीसिटी_मराठी:

तिकडचं वाचून छान वाटलं. मी मूळची सोलापूरची, इकडे न्यू जर्सीत लाइटिंग डिझाइनमध्ये आहे. इकडची इल्युमिनेटिंग इंजिनिअरिंग सोसायटी न्यूयॉर्कला १९०६ साली सुरू झाली आणि शहराशहरात तिचे सेक्शन आहेत, काम तेच, महिन्याला एखादं लेक्चर, साईट व्हिजिट, नवीन लोकांसाठी बेसिकचा क्लास. फरक एवढाच की इकडे एलसी नावाचं सर्टिफिकेट असतं आणि ते चालू ठेवायला तीन वर्षांत ३६ एज्युकेशन युनिट दाखवावी लागतात, म्हणून लोक नियमाने येतात. आपल्याकडे सक्ती नसताना माणसं शनिवारी येतात याचं मला जास्त कौतुक आहे. पॅनेल_पुणे, मी नवीन असताना माझ्या सीनिअरने सांगितलं होतं की प्रत्येक मीटिंगला आपल्या एका चुकीचा फोटो घेऊन जा. तू तो कागद चिकटवलेल्या पॅनेलचा फोटो घेऊन जा.

पॅनेल_पुणे:

सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी परत लिहितोय कारण जाऊन आलो.

विषय होता इमर्जन्सी लाइटिंग. मला वाटलं बॅटरीवाल्या दिव्यांवर काय दीड तास बोलणार. बोलणाऱ्या बाईंनी अर्ध्यात हॉलचे सगळे दिवे घालवले आणि म्हणाल्या चला, आता जिन्याने खाली उतरून दाखवा, सावकाश, कठडा धरून. दारावर हिरवी एक्झिटची पाटी पेटलेली, मागे भिंतीवर एक बॅटरीचा दिवा. मी तिसरा होतो. दिवा पाठीमागे, त्यामुळे माझीच सावली पुढच्या पायरीवर, पायरीची कड कुठे संपते काही कळेना, पाय चाचपडत टाकावा लागला. पाटी दिसत होती पण पायरी दिसत नव्हती. मी गेल्या साडेतीन वर्षांत जेवढे जिने काढलेत त्या सगळ्यात दिवा असाच दाराच्या वर टाकलाय. सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या चालू कामातले दोन जिने उघडले आणि दिवे मधल्या लँडिंगला समोरच्या भिंतीवर घेतले, साहेबांनी कारण विचारलं, मी सांगितलं तर त्यांनी बाकीची तीन ड्रॉइंगही बदलायला दिली.

चहाच्या वेळेला तो फोटो दाखवला. हसलं कुणी नाही. तीन-चार जण गोळा झाले, एकाने फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं पॅनेल जमिनीपासून किती उंचीवर आहे, टेबलं कुठल्या दिशेला आहेत, ताई पॅनेलच्या रांगेकडे तोंड करून बसतात की रांगेच्या कडेने. हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. परत डायलक्स उघडून सीलिंग १० टक्के केलं आणि त्यांच्या खुर्चीच्या जागी यूजीआर काढला तर २४ आला. चोक_स्टार्टर सर, तुम्ही सांगितलेला कपाळावर हात धरायचा प्रयोग त्याच खुर्चीत बसून केला, लगेच कळलं, ताईंनाही करायला लावला तर त्या म्हणाल्या हेच, हेच होतं मला.

एका मेंबरने स्वतःकडची मायक्रोप्रिझमॅटिक डिफ्युझरची (टोचणारी चमक कमी करणाऱ्या कव्हरची) दोन पॅनेल सॅम्पल म्हणून वापरायला दिली. सहापैकी दोन बदलली. ती बसवून आज अकरा दिवस झाले, त्यांच्याखाली बसणाऱ्या दोघींनी कागद परत लावलेले नाहीत. उरलेल्या चारवर अजून कागद आहेत, मालकांना कोटेशन पाठवलंय आणि एका टेबलाची दिशा फिरवायचं नकाशावर दाखवलंय, त्याला काही खर्च नाही.

मेंबरशिप घेतली, माझ्याच पैशाने. पुढची मीटिंग रात्री रस्त्यावर मोजमाप घ्यायची आहे, खांब_क्रमांक साहेब तुम्ही येणार असाल तर सांगा, मला ते चौकटी आखण्याचं तुमच्याकडून बघायचंय. आणि एक विचारायचं होतं, माझा लक्समीटर सातशे रुपयांचा आहे, तो कॅलिब्रेट करून घेण्यात अर्थ आहे का सरळ नवीन घेऊ?